सफोकमधलं १७४० चं विटांचं फार्महाऊस घेतोय, भिंतींना ओल आहे, केमिकल इंजेक्शन मारून घ्यावं का?

इंजेक्शन मारू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण ओल घालवणाऱ्या माणसाच्या त्या कोटेशनवर आज सही करू नका.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. इंग्लंडच्या पूर्वेला, सफोकमध्ये एका खेड्याबाहेर तुम्ही दोघांनी विटांचं जुनं फार्महाऊस बघितलंय, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारच्या संरक्षित जुन्या इमारतींच्या यादीतलं. बाजूच्या भिंतीवर लोखंडी आकड्यांत १७४० लिहिलंय. समोरून पाच खिडक्या अगदी रांगेत, पण वरच्या मजल्याची मधली खिडकी खोटी, विटांनी बुजवलेली. मुख्य दार उघडलं की दोन पावलांवर समोर भिंतच येते, सोफा आत कसा न्यायचा असं तुम्ही विचारलंय. तळमजल्याला समोरच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल आहे आणि ती बघायला आलेल्या माणसाने भिंतीला भोकं पाडून केमिकल भरायचं आणि बाहेरून सगळ्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरायच्या असं सांगितलंय. आणि नाशिकहून सासरे म्हणतायत की ज्या घराला पायातच ओल आहे ते घर घेऊ नये.

मी गेली २२ वर्षं सफोक, नॉरफोक आणि एसेक्समध्ये जुन्या घरांच्या दुरुस्तीचंच काम करते, त्यामुळे तुमचं वर्णन वाचताना मला ओलीपेक्षा त्या दारासमोरच्या भिंतीनेच आधी थांबवलं. कारण ती भिंत नाहीये. ते धुराडं आहे.

इकडे त्या नकाशाला लॉबी एंट्री म्हणतात. घराच्या मधोमध विटांचं एक भलंमोठं धुराडं, त्याच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून दोन फायरप्लेस, डावीकडे एक खोली, उजवीकडे एक, आणि दार नेमकं धुराड्याच्या कुशीसमोर, म्हणजे आत आलात की छोटीशी चौकोनी जागा आणि तिथून डावीकडे किंवा उजवीकडे वळायचं. जिना बहुतेक वेळा धुराड्याच्या मागच्या अंगाला, वळणावळणाचा, अरुंद. हा नकाशा इंग्लंडच्या या पूर्व भागात साधारण सोळाव्या शतकाच्या शेवटापासून सतराव्या शतकभर घरोघरी दिसतो. १७४० ला एखादा पैसेवाला शेतकरी नव्याने घर बांधायला बसला असता तर त्याने बहुधा मध्ये सरळ पॅसेज आणि जिना ठेवला असता आणि धुराडी दोन टोकांच्या भिंतींना लावली असती. म्हणून पुढून कितीही जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या धाटणीचं, दिसत असलं तरी माझा अंदाज आहे की तुमचं घर त्या आकड्यापेक्षा शंभरेक वर्षांनी तरी मोठं आहे आणि मुळात ते विटांचं नाहीच.

हे जरा सविस्तर सांगते, कारण ओलीचं उत्तर यातच आहे.

त्याच्याही आधीची शेतकऱ्यांची घरं म्हणजे एक मोठी खोली, वर छपरापर्यंत मोकळी, मध्ये जमिनीवर चूल आणि धूर वाट मिळेल तिथून बाहेर. अशा घरांच्या माळ्यावर चढलात तर वासे अजून काजळीने काळेकुळकुळीत असतात, बोट लावलं की बोट काळं. मग सोळाव्या शतकात धुराडी आली. विल्यम हॅरिसन नावाच्या एसेक्समधल्या पाद्र्याने १५७७ साली लिहून ठेवलंय की गावातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांदेखत झालेला एक मोठा बदल म्हणजे ही जिकडे तिकडे उभी राहिलेली धुराडी. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये साधारण १५७० ते १६४० या काळाला ग्रामीण इंग्लंडच्या मोठ्या पुनर्बांधणीचा काळ म्हटलं, त्या तारखांवरून पुढे बरेच वाद झाले पण पूर्वेकडची घरं बघताना ते म्हणणं बऱ्यापैकी पटतं. धुराडं आलं म्हणजे धुराला वाट मिळाली, धूर गेला म्हणजे वर मजला टाकता आला, मजला आला म्हणजे झोपायच्या खोल्या आल्या. आणि गंमत बघा, लाकडाच्या त्या घरात विटांची पहिली गोष्ट ही धुराडंच असायची, भिंती नव्हेत.

लाकडाचं घर म्हणजे काय ते आपल्याला समजवायला फार लागत नाही. आपण वाड्याला तीन खणी, पाच खणी म्हणतो ना, खांब-तुळईच्या दोन चौकटींमधली जागा म्हणजे एक खण, इथेही अगदी तसंच मोजतात. ओकचे खांब, ओकच्या तुळया, खाली जोत्यावर आडवी टाकलेली ओकची जाड तळपट्टी, त्यात खांब बसवलेले, आणि मधल्या जागेत काठ्यांचा ताटवा करून त्यावर माती, शेण आणि पेंढ्याचा गिलावा. कुडाची भिंतच ती. वजन सगळं लाकडावर.

मग अठराव्या शतकात गहू-बार्लीवर या भागातल्या शेतकऱ्यांच्या हातात पैसा आला. लाकूड जुनाट वाटायला लागलं, शहरातल्यासारखं विटांचं तोंड हवंसं झालं, आगीचीही भीती होतीच. घर पाडून नवं बांधणं परवडायचं नाही, म्हणून लोकांनी काय केलं तर जुन्या लाकडी चौकटीच्या पुढे विटांची एक भिंत चढवली, खिडक्या रांगेत बसवल्या, आणि झालं नवीन घर. तुमचा १७४० हा आकडा माझ्या मते त्या दिवसाचा आहे. आणि ते लोखंडी आकडे नुसती सजावट नसते बरं का, बहुतेक वेळा त्यांच्या पाठीमागून लोखंडी पट्टी आत जाऊन तुळईला किंवा आडव्या वाशाला खिळलेली असते, भिंत बाहेर कलू नये म्हणून. ते कुणी रंगवायला काढायला सांगितले तर हात लावू देऊ नका.

हे खरं की नाही ते तुम्ही स्वतः तपासू शकता. समोरच्या खिडकीत भिंतीची जाडी मोजा. नुसत्या विटांची भिंत असेल तर जाडी विटेच्या हिशोबात येते, नऊ इंच किंवा साडेतेरा-चौदा इंच, वर गिलावा. मागे लाकूड असेल तर अकरा-बारा असं मधलंच काहीतरी माप येतं आणि प्रत्येक खिडकीला थोडं वेगळं येतं. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात बघा, डोक्याशी रुंद होत जाणारा खांब गिलाव्यातून बाहेर डोकावतोय का. छप्पर किती उभं आहे ते बघा, आज त्यावर लाल कौलं असली तरी पन्नास अंशांच्या आसपासचा उतार म्हणजे ते छप्पर मुळात गवताने शाकारायला केलेलं असायची दाट शक्यता. आणि ती खोटी खिडकी! तुम्ही विचारलंत की ती विंडो टॅक्समुळे, म्हणजे खिडक्यांवरच्या करामुळे, बुजवली का. विंडो टॅक्स १६९६ ते १८५१ इतका काळ होता हे खरं, आणि त्यापायी लोकांनी खिडक्या बुजवल्या हेही खरं, दुग्धघराच्या खिडकीला माफी होती म्हणून काही फार्महाऊसच्या दारावर डेअरी किंवा चीज रूम असं रंगवलेलं अजून सापडतं. पण तुमची खिडकी नीट बघा. तिच्या आतल्या विटांचे थर बाजूच्या भिंतीच्या थरांशी तंतोतंत जुळत असतील आणि विटा एकाच रंगाच्या असतील तर ती कधी खिडकी नव्हतीच. दाराच्या बरोब्बर वर, मधोमध, म्हणजे तिच्या पाठीमागे काय आहे? धुराडं. तिथे खिडकी काढता येत नव्हती, पण समोरून रांग मोडायला नको म्हणून खिडकीचा खोबणा तेवढा ठेवला.

आता विटा. खरं सांगते, मी या कामात आले ती विटांसाठीच. डिप्लोमाला असताना इंग्लिश बाँड आणि फ्लेमिश बाँड, म्हणजे विटा रचायच्या दोन पद्धती, वहीत आखून आखून हात दुखले होते, आणि मग इथे आल्यावर ते बाँड प्रत्यक्षात एकाच घराच्या दोन बाजूंना दिसले तेव्हा मी त्या अंगणात उभी राहून अक्षरशः थर मोजत बसले होते. विटेचं आखूड तोंड बाहेर दिसलं तर ती हेडर, लांब बाजू दिसली तर स्ट्रेचर. इंग्लिश बाँडमध्ये एक थर सगळा हेडरचा आणि एक सगळा स्ट्रेचरचा. फ्लेमिशमध्ये एकाच थरात एक हेडर एक स्ट्रेचर. लंडनजवळच्या क्यू पॅलेसला, १६३१ चं घर आहे ते, फ्लेमिश बाँड दिसतो आणि इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या उदाहरणांत ते धरतात, पुढे अठराव्या शतकात समोरच्या भिंतीला फ्लेमिश हीच फॅशन झाली. तुम्ही पाठवलेल्या फोटोत समोर फ्लेमिश आहे, बाजूच्या त्रिकोणी भिंतीत वेगळं काम दिसतंय, त्याच्या तिरक्या कडेला विटांचे तिरपे त्रिकोण आत घुसवलेत, ते फार सुंदर काम आहे, या पूर्व किनाऱ्याच्या बाजूला खूप दिसतं. आणि एक लक्षात घ्या, लाकडावर चढवलेली वीट बऱ्याचदा अर्ध्या विटेचीच असते, म्हणजे समोरून जे हेडर दिसतात ते अर्धे तोडलेले असतात, आत गेलेलेच नसतात. दिसायला नऊ इंची भिंत, प्रत्यक्षात साडेचार इंचांची साल.

विटेची उंचीही बोलते. जुन्या, ट्यूडर काळच्या, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातल्या विटा दोन-सव्वादोन इंच उंच, बारीक, वेड्यावाकड्या. अठराव्या शतकात अडीचच्या आसपास. मग १७८४ मध्ये सरकारने विटांवर हजारी कर लावला, नगावर कर म्हटल्यावर काही भट्टीवाल्यांनी वीटच मोठी केली, लेस्टरशरमध्ये मिशमच्या जोसेफ विल्क्सच्या दुप्पट मोठ्या विटा त्यासाठी प्रसिद्ध आहेत, पुढे सरकारने मोठ्या विटेला जास्त कर लावला आणि १८५० मध्ये तो करच गेला. नेहमीची आजची वीट ६५ मिलिमीटर. तुम्ही टेप घेऊन धुराड्याची वीट आणि समोरच्या भिंतीची वीट अशा दोन्ही मोजा. धुराड्याची बारीक निघाली तर माझ्या म्हणण्याला जोर मिळाला.

या विटा लांबून आणलेल्या नसत. शेतातलीच चिकणमाती, हिवाळ्यात उकरून ठेवायची, थंडीने भुसभुशीत झाली की तुडवायची, लाकडी साच्याला वाळू मारून वीट पाडायची, वाळवायची आणि तिथेच आवा रचून भाजायची. आपल्याकडे नदीकाठी आवे लागतात तसंच. आव्यात सरपणाच्या जवळची वीट जास्त भाजून निळसर काळी, काचेसारखी व्हायची, ती फेकून न देता तिच्या हेडरांनी भिंतीत नक्षी काढायचे. माती चुनखडीची असेल तर वीट लाल न होता पिवळट पांढरी निघते, सफोकमधल्या वुलपिटच्या पांढऱ्या विटा नावाजलेल्या होत्या. आणि सफोक तर विटांच्या बाबतीत मानाचं आहे, लिटल वेनम हॉल म्हणून एक घर आहे तिथे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, इंग्लंडमध्ये बनलेल्या विटांचं सर्वात जुन्या घरांपैकी एक. उभ्या विटा रचून मध्ये पोकळी ठेवायचा रॅट ट्रॅप बाँडही इथल्या साध्या झोपड्यांतून आणि गोठ्यांतून दिसतो, वीट वाचते म्हणून. लॉरी बेकर मूळचे बर्मिंगहॅमचे, त्यांनी तोच बाँड केरळात नेला आणि आपल्याकडे स्वस्त घरांसाठी तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

असो, ओल.

या भिंतीच्या दर्जांमध्ये मुळात चुना आहे. चुना मऊ असतो आणि पाण्याला वाट देतो. पाऊस पडला की भिंत थोडं पाणी पिते, वारा आला की दर्जांमधून ते बाहेर सोडते. सफोकमध्ये वर्षाला साधारण ६०० मिलिमीटरच पाऊस, पुण्याहूनही कमी, पण तो बारा महिने थोडा थोडा पडतो आणि हिवाळ्यात ऊनच नसतं, त्यामुळे वाळायची वाट मोकळी असणं हेच सगळं. आता दर्जा सिमेंटने भरल्या की ही वाट बंद. पाणी तरीही आत जातं, केसाएवढ्या फटींतून, पण बाहेर पडायला त्याला विटेचंच तोंड उरतं. मग थंडीत ते गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि विटेचा भाजलेला कडक चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. तुम्हाला बघायचं असेल तर सिमेंटवाल्या भागात भिंतीला गाल लावून बाजूने बघा. सिमेंटच्या रेघा पुढे आलेल्या आणि मधल्या विटा आत खणल्यासारख्या, मधाच्या रिकाम्या पोळ्यासारख्या दिसतात. हाताने चोळलं तर लाल पीठ येतं. दर्जा झिजायला असतात, त्या शंभरेक वर्षांनी पुन्हा भरता येतात. वीट पुन्हा भरता येत नाही.

आणि तुमच्या घरात विटेमागे लाकूड असेल तर गोष्ट आणखी गंभीर. काही वर्षांपूर्वी नॉरफोकमध्ये एका घरात मला बोलावलं, बेडरूमची जमीन एका बाजूला उतरत चालली म्हणून. त्या घराला आधीच्या मालकाने एका ओल घालवणाऱ्या कंपनीकडून नेमकं तुम्हाला सुचवलंय तेच करून घेतलं होतं, भोकं पाडून केमिकल, बाहेर सिमेंट, आत प्लास्टर. आम्ही कोपऱ्यातल्या सहा विटा काढल्या. पाठीमागची ओकची तळपट्टी, चांगली आठ इंची, जी चारशे वर्षं टिकली होती, ती मुठीने बाहेर आली, चहाच्या चोथ्यासारखी, ओली आणि काळी. खांब हवेत लोंबत होता, वजन त्या साडेचार इंची विटेच्या सालीवर आलेलं. केमिकलने ओल थांबली नव्हती, कारण ओल जमिनीतून वर चढतच नव्हती, ती बाहेरून येऊन आत अडकली होती.

बहुतेक वेळा कारण फार साधं निघतं. बाहेर कुणीतरी काँक्रीटची पायवाट केलेली असते, दर पिढीने तिच्यावर आणखी एक थर, आणि होता होता बाहेरची जमीन आतल्या जमिनीच्या वर जाते. किंवा पन्हळ फुटलेली असते. किंवा आत जिप्समचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक रंग. धुराड्याच्या आसपास पिवळट डाग आहेत ना, पावसाळी दिवसांत गडद होणारे, ती तर ओलही नसते धड, कोळशाच्या धुरातले क्षार विटेत बसलेले असतात, तो लोणा हवेतला दमटपणा ओढून घेतो. आणि मीटरचं म्हणाल तर ते दोन टोचे असलेलं यंत्र मुळात लाकडातली ओल मोजायला केलेलं, भिंतीतल्या क्षारांनीही त्याचा काटा चढतो. जो माणूस केमिकल विकतो त्यानेच फुकटात केलेल्या तपासणीवर हजारो पौंड घालू नका. जुन्या इमारतींची मान्यता असलेला, काही न विकणारा सर्व्हेअर पैसे देऊन घ्या. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये काढलेली सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज अजून काम करते, त्यांच्या टेक्निकल हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे.

इलाज म्हणजे आधी पन्हळ दुरुस्त करा, बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या खाली जाईल इतकी उतरवा, पण भिंतीला चिकटून खोल चर खणू नका, या घरांचा पाया कधी कधी दोन-तीन थर विटांचाच असतो. मग एक वर्ष थांबा. खरंच थांबा, भिंतीला वाळायला वेळ लागतो. त्यानंतर सिमेंट काढायचं, तेही छिन्नीने, हाताने, ग्राइंडर विटेच्या कडा खातो. घट्ट बसलेलं सिमेंट काढताना वीटच फुटत असेल तर तो तुकडा तसाच राहू द्या. दर्जा जितकी रुंद त्याच्या दुप्पट खोल मोकळी करायची, पाणी मारायचं, एक भाग चुना आणि तीन भाग चांगली खरखरीत वाळू, दाबून भरायचं, ओलं गोणपाट टांगायचं. हे काम एप्रिल ते सप्टेंबरमध्येच, चुना बसायच्या आत गोठला तर सगळं गळून पडतं. आपल्या आजोबांच्या काळचा गवंडी हे डोळे मिटून करायचा.

लिस्टेड असण्याचं म्हणाल तर घाबरू नका पण हलकंही घेऊ नका. १९९० च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय घराच्या रूपात बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि लिस्टिंग फक्त समोरच्या भिंतीचं नसतं, आतलं सगळं त्यात येतं, आवारातले १ जुलै १९४८ पूर्वीचे गोठे-कोठारंही बहुधा येतात. परवानगीच्या अर्जाला फी नाही. मुख्य म्हणजे आधीच्या मालकाने परवानगी न घेता प्लास्टिकच्या खिडक्या लावल्या असतील किंवा भिंत काढली असेल तर ते पूर्ववत करायची नोटीस तुमच्या नावाने येऊ शकते, त्याला काळाची मर्यादा नाही. वकिलाला हे आत्ताच विचारायला सांगा. माळ्यावर वटवाघळं असली तर त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्या सर्व्हेशिवाय छपराला हात लावता येत नाही.

सासऱ्यांना सांगा की पायात ओल आहे हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण ती आजाराची नाही, तोंड दाबल्याची आहे. घ्यावं का, तर माझं उत्तर तळपट्टीवर अवलंबून आहे. ती धड असेल तर बिनधास्त घ्या. गेली असेल तरी दुरुस्त होते, ओकचा नवा तुकडा सांधून बसवता येतो, फक्त तो खर्च किमतीतून वळता करून घ्या.

दुसऱ्यांदा बघायला जाल तेव्हा शक्यतो पाऊस पडत असताना जा आणि सोबत टॉर्च आणि टेप न्या. माळ्यावर चढून धुराड्याचे आणि वाशांचे फोटो काढा, वासे काळे आहेत का ते बोट लावून बघा. धुराड्याच्या चार विटांची दर्जांसकट उंची आणि समोरच्या भिंतीच्या चार विटांची तशीच उंची लिहून आणा. समोरच्या दोन खिडक्यांत भिंतीची जाडी. आणि पाऊस चालू असताना पन्हळीखाली उभं राहून भिंत कुठून भिजायला लागते त्याचा एक व्हिडिओ. ते टाका, मग पुढचं नक्की सांगते.